गुरुवारसाहेबांची टोपी

थर्सडे नावाचा कर्नल असू शकतो, यावरच आम्ही हसलो होतो. ऐंशीच्या दशकातलं पुणं. एका फिल्म सोसायटीचा खेळ शाळेच्या हॉलमध्ये होता. लोखंडी घडीच्या खुर्च्या, मागे सोळा एमएमच्या प्रोजेक्टरची घरघर आणि रीळ बदलताना लागणारे दिवे. मी आणि माझा रूम पार्टनर जॉन वेनच्या नावावर गेलो होतो. पिस्तुलं, धुरळा, दारूच्या गुत्त्यातली हाणामारी, एवढीच आमची अपेक्षा. पडद्यावर मात्र एक ताठ मानेचा, चिडका अधिकारी मुलीला घेऊन वाळवंटातल्या ठाण्यावर बदलून आला होता आणि गणवेश कसा असावा, फर्निचर कुणाकडून उसनं आणावं, नाचाला कुणी कुणाचा हात धरावा, यातच रिळं संपत होती. "गुरुवारसाहेब आले, उभा राहा," मित्र कुजबुजला. पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्याने मागे वळून पाहिलं. पुढच्या खेपेला दिवे लागले तसे आम्ही सटकलो आणि कोपऱ्यावर भुर्जीपाव खाल्ला.

सिनेमा होता 'फोर्ट अपाची'. दिग्दर्शक जॉन फोर्ड, साल १९४८, कृष्णधवल. त्याचा शेवट मी पाहिला तो निवृत्त झाल्यावर, लॅपटॉपवर, शेजारी बायको मटार सोलत बसलेली असताना. तेव्हापासून तो शेवट डोक्यातून जात नाही. शेवट म्हणजे तरी काय? एक माणूस टोपी घालतो आणि दाराबाहेर पडतो.

फोर्डचं नाव निघालं की लोक 'स्टेजकोच' म्हणतात, 'द सर्चर्स' म्हणतात. घोडदळावर त्याने ओळीने तीन सिनेमे केले, १९४८, १९४९ आणि १९५० साली. त्यातला मधला रंगीत, त्याच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं आणि सगळा भाव तोच खाऊन गेला. शिवाय १९४८ सालीच 'रेड रिव्हर'मध्ये जॉन वेन असा काही तळपला की त्याच वर्षीचा हा बाजूला उभा राहून बघणारा, 'हो सर' म्हणणारा वेन कुणाच्या लक्षात राहावा? फोर्डला तरी हा सिनेमा हौसेने कुठे करायचा होता! आदल्या वर्षीचा 'द फ्युजिटिव्ह' सपशेल आपटला होता. निर्माता मेरियन कूपरबरोबर काढलेली कंपनी जगवायची तर घोडे, बिगुल आणि वेन हे हुकमी सामान हवंच होतं. पोटासाठी केलेल्या कामात कधीकधी माणूस जास्त खरं बोलून जातो, तसं काहीसं इथे झालं असावं.

थर्सडेच्या भूमिकेत हेन्री फोंडा आहे, ही पहिली खोच. फोर्डनेच त्याला तरुण लिंकन केलं होतं, 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मधला टॉम जोड केलं होतं. अमेरिकन प्रेक्षकाच्या मनातला सालस, सरळ माणूस म्हणजे फोंडा. त्याच चेहऱ्यावर इथे बारीक मिशी चढवली, पाठीत गज घातला, आणि तो यादवी युद्धात जनरल झालेला, युद्ध संपल्यावर लेफ्टनंट कर्नल होऊन अ‍ॅरिझोनात येऊन पडलेला माणूस झाला. लढाईच्या काळात चढवलेले तसले हुद्दे शांततेत उतरत. ती पद्धतच होती, अपमान नव्हता. पण आपली बदली म्हणजे कुणीतरी आपला काढलेला काटा, असं धरून चालणारे साहेब ज्यांनी पाहिलेत त्यांना थर्सडेची वेगळी ओळख करून द्यायला नको.

मी असे साहेब लहानपणापासून पाहिले. माझे वडील नगरच्या छावणीत मुलकी कारकून होते. गेटातून जाताना सायकलवरून उतरायचं, हा त्यांचा नेम निवृत्तीपर्यंत टिकला, कुणी सांगितलेलं नसतानाही. कुठल्या बंगल्याच्या अंगणातली पडलेली बोरं उचलायची आणि कुठल्या नाही, हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. त्यामुळे तरुणपणी ज्या भागाला कंटाळून मी उठलो, तोच भाग आता मला सिनेमाचा गाभा वाटतो. ठाण्याच्या रिवाजानुसार सार्जंटांच्या नाचाच्या दिवशी कमांडिंग ऑफिसरने सार्जंट मेजरच्या बायकोचा हात धरून पहिलं पाऊल टाकायचं असतं. सार्जंट मेजर म्हणजे आपल्या सुभेदार मेजरचा भाऊबंद समजा. थर्सडेच्या कपाळावर आठ्या आहेत, पण रिवाज तो रिवाज. तो आयरीन रिचचा हात धरतो आणि काय नाचतो! जोड्या कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येतात, बुटांचा ताल एकच पडतो, आणि फोंडाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. फोर्ड इथे घाईत नाही. माणूस रिवाजात किती शोभतो आणि रिवाजाबाहेर किती उघडा पडतो, हे त्याला निवांत दाखवायचं आहे.

याच सार्जंट मेजरच्या घराण्याचं आडनाव थर्सडेच्या तोंडात बसत नाही. ओरॉर्क. आयरिश नाव. थर्सडे दर वेळी भलतंच आयरिश नाव घेतो आणि समोरचा दर वेळी तितक्याच अदबीने दुरुस्त करतो. ओरॉर्कचा मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन आलाय, हे तर साहेबाला पचतच नाही. शिपायांतून वर आलेल्याचं पोरगं तिथे पोचलंच कसं? राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकीने, असं उत्तर मिळतं. पण माझ्या समजुतीप्रमाणे ती सवलत फक्त 'मेडल ऑफ ऑनर' मिळवलेल्यांच्या मुलांना असते, थर्सडे म्हणतो. ओरॉर्क झालेला वॉर्ड बाँड ताठ उभा राहून म्हणतो, माझीही तीच समजूत आहे, सर. बस्स. पदक दाखवणं नाही, छाती फुगवणं नाही. हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "अहो, दाणे भाजायचेत, पुढे जाऊ द्या."

आता त्या टोपीकडे येतो.

ठाण्यातले बाकीचे लोक रुंद काठाच्या, घामट, आकार गेलेल्या हॅट घालतात. उन्हातान्हात राहणाऱ्यांनी आपापल्या सोयीने घडवलेला गणवेश. थर्सडे आल्याआल्या त्यावरून सगळ्यांना झापतो. तो स्वतः मोहिमेवर निघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर पुस्तकी टोपी असते आणि टोपीच्या मागून मानेवर उतरणारा कापडाचा एक पडदा. इंग्रजीत त्या पडद्याला नाव आहे: हॅवलॉक.

हे नाव मराठी माणसाला अंदमानच्या सहलीमुळे माहीत असतं. सेल्युलर जेल पाहून झालं की दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक. २०१८च्या डिसेंबरात त्या बेटाचं स्वराज द्वीप झालं, तरी टूरवाल्यांच्या तोंडून जुनं नाव अजून सुटत नाही. तो हॅवलॉक आणि हा हॅवलॉक एकच. सर हेन्री हॅवलॉक, १८५७च्या जुलैत अलाहाबादेहून निघून, वाटेत फत्तेपूरला लढून, नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला मागे रेटत कानपुरात शिरलेला इंग्रज सेनापती. त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनौला तो हगवणीने मेला. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात गोऱ्या सोजिरांच्या माना भाजू नयेत म्हणून वापरात आलेल्या त्या पांढऱ्या पडद्याला त्याचं नाव चिकटलं. चार वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा उत्तरेकडच्या बायकांनी घरोघरी बसून आपल्या शिपायांसाठी हजारो हॅवलॉक शिवले. शिपायांना ते गैरसोयीचे वाटले. त्यांनी त्यांची कॉफी गाळायची फडकी केली, बंदुका पुसायची चिंधी केली.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकात या हॅवलॉकचा पुतळा आहे. २००० साली तिथल्या महापौरांनी जाहीरपणे सांगितलं की चौकातले दोन जनरल कोण हे मला ठाऊक नाही, त्यांना हलवावं. त्यातला एक हाच.

फोर्डने हा सगळा विचार करून ती टोपी फोंडाच्या डोक्यावर चढवली, असं मी म्हणत नाही. पण हिंदुस्थानातली छावणी त्याच्या डोळ्यांसमोरून आधी गेलेली होती, हे खरं. १९३७ साली किपलिंगच्या गोष्टीवरून त्याने 'वी विली विंकी' केला होता. वायव्य सरहद्दीवरचं इंग्रजी ठाणं, त्यात आठ-नऊ वर्षांची शर्ली टेंपल आणि तिचा लाडका सार्जंट व्हिक्टर मॅक्लॅग्लेन. अकरा वर्षांनी 'फोर्ट अपाची'त तीच शर्ली टेंपल कर्नलची तरुण मुलगी होऊन येते आणि तोच मॅक्लॅग्लेन पुन्हा सार्जंट. पठाणांच्या जागी अपाची, अमेरिकेतली इंडियन जमात. हे लक्षात आल्यावर त्या वाळवंटातल्या ठाण्याशी माझी जुनी ओळख निघाल्यासारखं झालं. अंगणातली बोरं तेवढी कमी.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर सरकारने अपाचींना राखीव मुलखात बसवलंय आणि त्यांच्यावर मीचम नावाचा सरकारी एजंट नेमलाय. हा त्यांना धान्याऐवजी भिकार दारू विकतो. दुकानातल्या ज्या खोक्यांवर बायबल लिहिलंय, त्यांत बाटल्या. अपाचींचा म्होरक्या कोचीस आपले लोक घेऊन मेक्सिकोत निघून गेलाय. थर्सडे मीचमला तोंडावर नीच, खोटारडा, ढोंगी म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की तू सरकारचा प्रतिनिधी असल्यामुळे माझं सगळं ठाणं तुझ्या रक्षणाला हजर आहे. सगळं कळतंय, आणि तरी फाइलवर सही होतेय! मॅक्लॅग्लेन आणि मंडळींना ती दारू नष्ट करायचा हुकूम होतो आणि ते तो पोटात घालून अमलात आणतात. हे विनोद फोर्डला आवडत, मला जरा लांबलेले वाटतात.

कॅप्टन यॉर्क, म्हणजे जॉन वेन, मेक्सिकोत जाऊन कोचीसला शब्द देतो की परत या, सन्मानाने बोलणी होतील. कोचीस येतो. मग थर्सडे सांगतो की आता त्याला घेरायचं. मी शब्द दिलाय, यॉर्क म्हणतो. रानटी, अडाणी माणसाला दिलेला शब्द? अमेरिकन अधिकारी आणि कोचीस यांच्यात इमानाचा प्रश्नच येत नाही, थर्सडेचं उत्तर. माझ्यापुरता येतो, सर, असं म्हणून वेन गप्प होतो.

१९४८ सालच्या हॉलिवूडमध्ये कोचीसला जे बोलू दिलंय ते पाहून मी चकित झालो. मिगेल इन्क्लान हा मेक्सिकन नट त्याचं काम करतो आणि तो बोलतो स्पॅनिश. तोडकीमोडकी इंग्रजी नाही, हुंकार नाहीत. सार्जंट झालेला पेड्रो आर्मेंदारिस शेजारी उभा राहून भाषांतर करतो. मीचम युद्धापेक्षा वाईट आहे, कोचीस सांगतो, युद्धात पुरुष मरतात, याने बायका, मुलं, म्हातारे सगळे मारले. तुमच्या सरकारकडे आम्ही आसरा मागितला, त्याने आम्हाला सावकाश येणारं मरण दिलं. कॅमेरा कोचीसकडे शांतपणे पाहत राहतो, आणि चुळबुळ करतो तो थर्सडे.

मूळ कथा जेम्स वॉर्नर बेला या लेखकाची, आणि त्याला इंडियन लोकांविषयी अशी काही कणव नव्हती. पटकथा लिहिली फ्रँक न्यूजंटने. हा 'न्यूयॉर्क टाइम्स'चा सिनेसमीक्षक होता, फोर्डसाठी त्याची ही पहिलीच पटकथा. फोर्डने त्याला त्या काळावरची पन्नासेक पुस्तकं वाचायला लावली आणि वाचून झाल्यावर सांगितलं, आता सगळं विसर आणि सिनेमा लिहायला बस. त्याआधी प्रत्येक पात्राचं जन्मापासूनचं टिपणही करून घेतलं. पडद्यावर ज्या गोष्टी सांगितलेल्या नाहीत त्यांचा भार जाणवतो तो त्यामुळे. थर्सडे आणि कॅप्टन कॉलिंगवुड यांच्यात यादवी युद्धातलं जुनं काहीतरी आहे, एकाची बढती आणि दुसऱ्याची बदनामी त्यातूनच झालेली. काय घडलं ते सिनेमा सांगत नाही. दोघांच्या नजरा सांगतात तेवढंच.

रिसाला कूच करतो तो प्रसंग. बायका उंचावर उभ्या राहून पाहताहेत. नेमका त्याच वेळी कागद येतो: कॉलिंगवुडची वेस्ट पॉइंटला बदली. बिचाऱ्याने कित्येक वर्षं वाट पाहिलेली बदली. अजून हाक मारली तर तो मागे फिरू शकतो. तसं तिला सुचवलंही जातं. मिसेस कॉलिंगवुड (अ‍ॅना ली) क्षणभर थांबते आणि नको म्हणते. नवऱ्यावरचा भित्रेपणाचा जुना डाग तिला माहीत आहे. मग ती दूर जाणाऱ्या रांगेकडे पाहत राहते आणि म्हणते, "मला तो दिसत नाही. फक्त निशाणं दिसताहेत."

या ओळीला बायकोचे हात थांबले. मटाराची शेंग अर्धी उघडलेली.

पुढची लढाई म्हणजे लढाई नव्हेच. समोर धुरळा दिसतोय, थर्सडेला वाटतं अपाची तिथे आहेत. यॉर्क सांगतो, तो धुरळा बायकापोरं झुडपं ओढून उडवताहेत, माणसं या खिंडीतल्या खडकांमागे आहेत. कशावरून? मी कोचीस असतो तर तिथेच लपवली असती म्हणून. तुझा कोचीस अलेक्झांडरच्या नाही तर निदान बोनापार्टच्या हाताखाली शिकलेला दिसतो, थर्सडे हिणवतो. यॉर्क आत्महत्या म्हणतो, थर्सडे भित्रा म्हणतो आणि त्याला सामानाच्या गाड्यांबरोबर मागे टेकडीवर पाठवतो. चार-चारच्या ओळी, बिगुल, उपसलेल्या तलवारी. खडकांमागून गोळ्या. थर्सडे सुरुवातीलाच घोड्यावरून पडतो. यॉर्क त्याच्यापर्यंत पोचतो, चला म्हणतो. थर्सडे घोडा घेतो, पण उलट दिशेने, मरणाऱ्या आपल्या माणसांकडे जातो. तिथे ओरॉर्कची माफी मागतो. ती आपल्या नातवंडांसाठी राखून ठेवा, सर, ओरॉर्क म्हणतो. थर्सडेची मुलगी आणि ओरॉर्कचा मुलगा यांचं जुळू नये म्हणून या गृहस्थाने सिनेमाभर आकाशपाताळ एक केलेलं असतं. मग घोड्यांच्या टापा, धूळ, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. इतक्या लवकर की मला वाटलं इंटरनेट अडकलं.

छायाचित्रकार आर्ची स्टाउटने बाहेरची दृश्यं इन्फ्रारेड फिल्मवर टिपली, त्याने दुपारचं निळं आकाश काळंभोर येतं आणि ढग पिंजलेल्या कापसासारखे पांढरे. जागा मॉन्युमेंट व्हॅली, युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरची, नावाहो लोकांची. अपाची म्हणून पडद्यावर दौडणारे बरेचसे नावाहोच. खरा कोचीस चिरिकाहुआ अपाचींचा, त्याचा मुलूख इथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला. त्याने असा रिसाला कधी कापून काढला नाही. उलट १८६१ साली बोलणी करायला म्हणून बोलावून एका तरुण लेफ्टनंटने त्यालाच धरायचा प्रयत्न केला, तो तंबू फाडून निसटला, आणि त्यातून अकरा वर्षं वैर पेटलं. १८७२ साली जनरल हॉवर्डशी तह झाला, १८७४ साली तो मेला. दिलेला शब्द मोडल्याची गोष्ट खरी, कत्तल मात्र उसनी आणलेली, मोंटानातून. २५ जून १८७६, लिटल बिगहॉर्न, सातव्या घोडदळाचा कस्टर. तोही युद्धात जनरल होऊन मग लेफ्टनंट कर्नलवर उतरलेला. त्याच्याबरोबरच्या दोनशेहून जास्त माणसांतला एकही वाचला नाही. त्याची विधवा त्यानंतर सत्तावन्न वर्षं जगली आणि नवऱ्याच्या नावाला डाग लागू नये म्हणून लिहीत, बोलत राहिली. १८९६ साली एका बिअर कंपनीने त्याच्या शेवटच्या लढाईचं रंगीत चित्र छापून गुत्त्यागुत्त्यांत वाटलं. कस्टर पुरता अमर झाला तो तिथे, दारूच्या टेबलांवरच्या भिंतीवर.

खिंड, घोडे आणि समोर अख्खी फौज म्हटल्यावर मराठी माणसाला नेसरी आठवणारच. मलाही आठवली. पण तुलना तिथल्या तिथे मोडते. प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी निघाले ते सहा जणांना घेऊन, मागची फौज मागे ठेवून. थर्सडेने सगळ्यांना नेलं, आणि नको म्हणणाऱ्यालाच मागे ठेवलं. मला वेगळंच काहीतरी खुपलं. सातांचं गाणं ऐकत मी मोठा झालो. प्रतापरावांखेरीज उरलेल्या सहांची नावं मला सांगता येतात का? त्या रात्री एकही सांगता आलं नाही. परंपरेने चालत आलेली नावं शोधून काढावी लागली.

कारण सिनेमा शेवटी नेमका तिथेच येऊन थांबतो. काही वर्षं उलटली आहेत. यॉर्क आता रिसाल्याचा प्रमुख आहे, जेरोनिमो या दुसऱ्या अपाची म्होरक्यावर मोहीम निघायची आहे, भिंतीवर थर्सडेची तसबीर आहे आणि समोर वार्ताहर. एक जण वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या भव्य चित्राबद्दल भारावून बोलतो. पिसांचे मुकुट घातलेले अपाचींचे जथे, आणि त्यांच्यावर तुटून पडणारा थर्सडे! तसे मुकुट अपाची घालत नसत, आणि थर्सडे कसा पडला हे आपण नुकतंच पाहिलंय. यॉर्कनेही पाहिलंय. तो म्हणतो, "तपशिलात अगदी बरोबर."

मग दुसरा वार्ताहर हळहळतो की थर्सडे सगळ्यांच्या लक्षात राहतो, बाकीचे विसरले जातात, म्हणजे तो कोण, कॉलिंगवर्थ. कॉलिंगवुड, यॉर्क दुरुस्त करतो. खोट्या चित्राला मान डोलावणारा माणूस एका नावातलं एक अक्षर मात्र सोडत नाही! आणि तो खिडकीकडे वळून बोलू लागतो. ते मेलेले नाहीत. महिना तेरा डॉलर पगार, खायला घेवडा, वेळ पडली तर घोड्याचं मांस. पत्त्यांवरून, दारूवरून भांडतील, पण बाटलीतलं शेवटचं पाणी वाटून पितील. चेहरे बदलतील, नावं बदलतील, रिसाला तोच. काचेत दौडणाऱ्या स्वारांचं प्रतिबिंब तरंगत राहतं. बाहेर थर्सडेची मुलगी उभी आहे, तिच्या मुलाचं नाव मायकेल थर्सडे यॉर्क ओरॉर्क. भांडणारे सगळे त्या एका पोराच्या नावात गपगुमान बसलेत. यॉर्क टोपी घालतो. मागे मानेवर कापडाचा पडदा. गुरुवारसाहेबांची टोपी. आणि मोहिमेवर निघतो.

फोर्डला पुढे पीटर बोग्दानोविच या सिनेदिग्दर्शकाने याबद्दल विचारलं होतं. ज्यांना आपण थोर म्हणतो त्यांतले कित्येक तसे नव्हते हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण देशाला मान वर करून पाहायला वीर लागतात, अशा अर्थाचं तो बोलला. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. देशाला वीर हवे असतील तर दोन तास खपून त्या वीराचा हट्ट, उर्मटपणा, शब्द मोडणं हे सगळं आम्हाला कशाला दाखवलंस बाबा? दाखवायचं आणि मग झाकायचं. झाकताना आम्हाला साक्षीला उभं करायचं.

मला हे एवढं का लागलं, तेही सांगून टाकतो. नोकरीत माझ्याकडे मानपत्रं लिहायचं काम आपसूक आलं होतं, अक्षर बरं आणि मराठी बरी म्हणून. एका वर्षी कार्यालयात एका दिवंगत साहेबांची तसबीर लागणार होती. साहेब करारी, वक्तशीर, हाताचे स्वच्छ. सगळं खरं. आणि याच साहेबांनी एकदा स्वतः घाईत केलेल्या सहीचं खापर एका कारकुनावर फोडलं होतं. कारकून आदल्या दिवशी माझ्यासमोर त्यांना म्हणाला होता, साहेब, हे कागद पुन्हा पाहू या. चौकशी लागली, त्याची पगारवाढ गेली, दोन वर्षांत त्याने नोकरी सोडली. चौकशीत मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. विचारलं नाही कुणी. मानपत्रात मी 'कनिष्ठ सहकाऱ्यांना सांभाळून घेणारे' असं लिहिलं. कार्यक्रम झाल्यावर साहेबांच्या मुलीने डोळे पुसत विचारलं, "बाबा खरंच असे होते ना ऑफिसात?" मी म्हणालो, "शब्दन् शब्द."

मग बटाटेवड्यांच्या रांगेत कुणीतरी त्या कारकुनाची आठवण काढली. "तो काय नाव त्याचं, देशमाने?" मी आडनाव दुरुस्त केलं. तेवढं मात्र केलं.

त्यामुळे यॉर्क लबाड की शहाणा, हे मला इतरांसारखं तिऱ्हाईतपणे ठरवता येत नाही. पहिल्या वेळी वाटलं, त्याने माणसांसाठी खोटं सांगितलं: थर्सडे हुतात्मा ठरला तरच त्याच्यामागे मेलेल्यांच्या मरणाला काही अर्थ राहील. दुसऱ्या वेळी वाटलं, छे, खुर्चीवर बसला आणि खुर्चीसारखा झाला. कोचीसला दिलेल्या शब्दासाठी साहेबाशी भांडणारा माणूस आता त्याच लोकांवर चालून निघालाय, आणि टोपीही तीच. हॅवलॉकच्या फौजेच्या मानेवरून निघालेलं ते कापड फिरतफिरत जॉन वेनच्या मानेवर येतं, यात केवढा अर्थ भरलाय, वगैरे वगैरे मी बायकोला समजावत होतो. टोपी म्हणजे सत्ता, टोपी म्हणजे वारसा, टोपी म्हणजे कबुली.

ती परातीतली सालं गोळा करत होती.

"म्हणजे त्याने खरं सांगितलंच नाही शेवटपर्यंत?"

"नाही."

"आणि टोपी त्या मेलेल्यासारखीच घातली."

"तेच तर म्हणतोय मी. का घातली असेल?"

तिने पडद्याकडे पाहिलं. शेवटची नावं वर सरकत होती.

"ऊन असेल हो तिकडे," ती म्हणाली आणि परात उचलून आत गेली.